वाचक विचारतात : थोरल्याला एकच शिलिंग?

इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या घराण्यांचा माग कसा काढायचा, याबद्दल मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या आणि 'मृत्युपत्र सापडलं तर मला कळवा' असं सहज म्हणून गेले. लोकांनी ते फारच मनावर घेतलं. गेली अठरा वर्षं इथल्या एका काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस बसून मी जुनी मृत्युपत्रं उतरवून काढते. पगार नाही, चहा मिळतो. त्यामुळे या विषयावर मला बोलतं केलं की आवरणं कठीण. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यात जवळजवळ सगळेच घोळ एका ठिकाणी आले आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे यजमान इंग्रज, मूळ घराणं सफकमधल्या एका खेड्यातलं. सासरे गेल्यावर घर आवरताना एक अर्धवट वंशावळ सापडली आणि मी नादाला लागले. इप्सविचहून एका पूर्वजाच्या १७४१ सालच्या मृत्युपत्राची प्रत मागवली, ती सोबत जोडली आहे. तो स्वतःला 'योमन', म्हणजे स्वतःची जमीन कसणारा शेतकरी, म्हणवतो. थोरल्या मुलाला त्याने फक्त एक शिलिंग ठेवलाय! धाकट्याला गुरं, नांगर, गाडा आणि 'अपर पायटल' नावाचं शेत. मुलगी एकच, तीही बिनलग्नाची, तिला २० पौंड. तरीही 'माझ्या जावयाला' चांगला कोट आणि ५ पौंड आहेतच. हा जावई आला कुठून? बायकोला तो 'माझी आत्ताची बायको' म्हणतो. म्हणजे आधी आणखी होऊन गेल्या का? तिला एक खोली आणि वर्षाला ४० शिलिंग, आणि त्या खोलीबद्दल दहा ओळी अटी. आणखी एक. मृत्युपत्र १२ फेब्रुवारी १७४१ चं, चर्चच्या वहीत दफनाची नोंद १९ फेब्रुवारी १७४१, पण प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला चर्चच्या कोर्टाची मंजुरी, मात्र ६ मे १७४२. पंधरा महिने लागले, म्हणजे थोरला कोर्टात गेला असणार, असं आमच्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय. त्या भांडणाचे कागद कुठे मिळतील? — अ. कु., रेडिंग

उत्तर : प्रत जोडलीत ते फार बरं केलंत. निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिच्यातच आहेत.

आधी ते पंधरा महिने निकालात काढू. इंग्लंडमध्ये १७५१ सालापर्यंत सरकारी आणि चर्चचं वर्ष २५ मार्चला, म्हणजे लेडी डेला सुरू व्हायचं. डिसेंबर १७४१ नंतर जानेवारी १७४१ यायचा, मग फेब्रुवारी १७४१, आणि २५ मार्चला १७४२ लागायचं. चर्चच्या वहीचं तेच पान पुन्हा काढून बघा, फेब्रुवारीची नोंद डिसेंबरच्या खाली असेल. आपल्या हिशोबाने तो फेब्रुवारी १७४२ आहे. वंशावळीत तो '१७४१/४२' असा लिहावा, म्हणजे पुढच्या माणसाचा गोंधळ होत नाही. तेव्हा दफन ते प्रोबेट हे अंतर पंधरा महिने नव्हे, अकरा आठवडे. खेड्यातल्या माणसाला पेरण्या उरकून इप्सविचला जाऊन यायचं तर एवढे दिवस लागणारच. भांडण झालंच नाही, मग कागद कुठून मिळणार?

यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या पहिल्याच वर्षी मी नॉरफकमधल्या एका घराला गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं की तुमच्या अमुक पूर्वजाचा बाप्तिस्मा जानेवारी १७१९ चा आणि आईबापांचं लग्न जून १७१९ चं. त्यांच्या म्हाताऱ्या आत्याबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. चूक कळल्यावर मी फोन करून माफी मागितली. जून ते पुढचा जानेवारी, सातच महिने होतात हे माझ्या लक्षात आलं होतं, पण ते मी बोलले नाही.

तारखा सरळ झाल्या की मृत्युपत्राचा सूरही बदलतो. सुरुवातीला तो म्हणतो की 'शरीराने आजारी व क्षीण, पण बुद्धी व स्मरण शाबूत'. हा ठरीव मजकूर आहे, हजारो मृत्युपत्रांत असतो. पण इथे तो खराच होता. १२ तारखेला लिहून झालं आणि १९ ला त्याला पुरलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाभोवती लिहिणारा, साक्षीदार आणि घरचे जमलेले आहेत. अशा वेळी माणूस काय काय सांगेल? जे आधी दिलंय, जे रीतीप्रमाणे आपोआप जाणार आहे, ते कशाला सांगत बसेल? ज्याची सोय अजून लागलेली नाही तेवढंच सांगेल. मृत्युपत्रात संपत्तीची यादी नसते, उरलेल्या कामांची असते. हे एकदा डोक्यात बसलं की थोरल्याचा शिलिंग समजायला वेळ लागत नाही.

प्रत पुन्हा वाचा आणि त्यात राहतं घर कुणाला दिलंय ते शोधा. सापडणार नाही. शेत दिलंय, गुरं दिलीत, गाडा दिलाय, कोटसुद्धा दिलाय, पण घर आणि घरालगतची जमीन यांचा पत्ता नाही. मग बायकोच्या खोलीच्या अटींकडे या. तिथे तिसऱ्या ओळीत शब्द आहेत की 'माझ्या उपरोक्त थोरल्या मुलाने तिला मज्जाव करू नये'. घर दुसऱ्याचं असतं तर मज्जाव करायचा प्रश्न थोरल्याला कशाला आला असता? म्हणजे घर थोरल्याकडे जाणार हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बहुधा ती जमीन कॉपीहोल्ड होती. ती मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या, मालकाच्या वहीतल्या नोंदीवर धरलेली असायची, आणि मॅनरच्या रिवाजाप्रमाणे वारसाकडे जायची. मृत्युपत्राने ती द्यायची तर आधी मॅनरच्या कोर्टात तशी नोंद करून ठेवावी लागे. बहुतेक ठिकाणी वारस थोरलाच, पण काही मॅनरांत, विशेषतः ससेक्सकडे, सगळ्यात धाकटा वारस धरत. म्हणून 'थोरला' हे गृहीत न धरता रिवाज तपासायचा.

थोरल्याला घरदार मिळालं. शिलिंग त्याला चिडवायला ठेवलेला नाही, त्याचं नाव लिहिलं जावं म्हणून ठेवलाय. वारसाला नावापुरतं तरी काही ठेवलं नाही तर तो मृत्युपत्र मोडू शकतो, अशी लोकांची समजूत होती. कायद्यात तसं काही नव्हतं. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १८ व्या शतकातच तिला निराधार गैरसमज म्हणून ठेवलंय. पण खेड्यात मृत्युपत्र लिहिणारा पाद्री किंवा शाळामास्तर, तो कुठे ब्लॅकस्टोन वाचायला बसलाय! कधीकधी शिलिंगामागे खरोखर राग असतो, नाही असं नाही. पण तेव्हा रागाचं कारणही बहुधा लिहिलेलं असतं. मरणाऱ्या माणसाला ते आवरत नाही.

पुढचं काम तुमच्या लक्षात आलंच असेल. भांडणाचे कागद सोडा आणि मॅनरच्या कोर्टाच्या वह्या शोधा. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी दप्तरखान्याकडे मॅनरांच्या कागदपत्रांची एक सूची आहे, त्यात पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, नावावरून मॅनर आणि वह्या कुठे आहेत हे दोन्ही कळतं. एका पॅरिशमध्ये दोन-तीन मॅनर असू शकतात, नाउमेद होऊ नका. १७४२ पासून पुढच्या तीन-चार वर्षांतल्या बैठका बघा. 'अमका मेला, त्याचा मुलगा हजर राहिला, त्याला दाखल करून घेतलं, त्याने इतका नजराणा भरला' अशी नोंद हवी. तुमचं नशीब असं की १७३३ पासून कोर्टांच्या वह्या इंग्रजीत आहेत, त्याआधीच्या लॅटिनमध्ये. आणि एक नोंद सापडली की ती मागच्या नोंदीकडे बोट दाखवते, बापाला जमीन कुणाकडून आणि कधी आली ते. चर्चच्या वह्यांत जिथे वाट बंद होते तिथे मॅनरच्या वह्या कधीकधी तीन पिढ्या मागे नेतात.

आता जावई. त्या काळच्या इंग्रजीत 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई असू शकतो, तसाच सावत्र मुलगाही. मुलगी एकच आणि ती बिनलग्नाची, तेव्हा हा सावत्र मुलगाच. त्याचं आडनाव वेगळं आहे, आणि तेच तुमच्या 'आत्ताच्या बायको'चं आधीच्या नवऱ्याकडचं आडनाव. म्हणजे तुमच्या पूर्वजाशी लग्न लागताना ती विधवा होती. तिचं लग्न तुम्ही माहेरच्या नावाने शोधत असाल तर जन्मात सापडणार नाही, या आडनावाने शोधा. नात्याच्या शब्दांवर एकूणच आजचा अर्थ लादू नये. 'कझिन' म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असतो, 'ब्रदर' म्हणून बहिणीचा नवराही येतो, आणि 'थोरला-धाकटा' म्हणून लावलेले सीनिअर-ज्युनिअर हे बापलेक नसून काका-पुतणे किंवा नुसतेच एका गावातले दोन नावबंधूही असतात.

'आत्ताची बायको' या शब्दांवरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. नुसतं 'माझी बायको' लिहिलं आणि ही वारून त्याने पुढे दुसरी केली, तर दिलेलं कुणाला जाणार, हा वाद टाळण्यासाठी लिहिणारे तसं घालत. एकाच बायकोशी चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाच्या मृत्युपत्रातही ते दिसतं.

पण तुमच्या बाबतीत आधीची बायको होती असं मला वाटतं, आणि त्याचं कारण त्या दहा ओळी आहेत. मी त्या तीनदा वाचल्या. माजघरावरची खोली तिची. जिन्याने आणि स्वयंपाकघरातून जायची-यायची मोकळीक. विहिरीचं पाणी. आठवड्यातून एक दिवस भट्टीत आपला पाव भाजून घ्यायचा. बागेतल्या दोन झाडांची सफरचंदं, आणि कुठली दोन तेही सांगितलंय, फाटकाजवळची. हिवाळ्यात दोन गाड्या लाकूडफाटा, 'दारात आणून टाकलेला'. आणि हे सगळं ती विधवा राहील तोवर. विधवेला खोली आणि जाण्या-येण्याचा हक्क हे त्या काळी सर्रास असे. पण भट्टीचा वार आणि सफरचंदाची झाडं कुणी सख्ख्या आईसाठी लिहून घेत नाही. थोरला तिचा मुलगा नसावा. आपण डोळे मिटल्यावर या दोघांचं एका चुलीवर कसं जमेल, याची धास्ती त्या अंथरुणावरच्या माणसाला होती. हा माझा तर्क झाला. पुरावा चर्चच्या वहीत आहे. थोरल्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव बघा, आणि त्यानंतरच्या वर्षांत त्या नावाच्या बाईचं दफन शोधा.

४० शिलिंग म्हणजे दोन पौंड. शिलिंगाचे १२ पेनी, पौंडाचे २० शिलिंग. 'आजचे किती' हे विचारू नका, ते आकडे काढून देणारी यंत्रं मला मुळीच पसंत नाहीत. त्याच गावातला, त्याच वर्षांतला भाव हवा. त्यासाठी वस्तुयादी शोधा. माणूस मेला की दोन-तीन शेजारी घरात येऊन जंगम मालाची किंमत करत आणि ती यादी चर्चच्या कोर्टात जाई. १८ व्या शतकाच्या मध्यापर्यंत या याद्या बऱ्यापैकी सापडतात, तुमचं साल काठावरचं आहे. मिळाली तर सोनं समजा. शेजारी खोलीमागून खोली जात लिहितात. आधी अंगावरचे कपडे आणि थैलीतले पैसे, मग हॉल, माजघर, लोण्या-चीजची खोली, वरच्या खोल्यांतले बिछाने. सफकमध्ये मागच्या कामाच्या खोलीला 'बॅकहाउस' लिहितात आणि बोलताना 'बॅकस' म्हणतात. मग गोठा, कोठार, शेतातलं उभं पीक. जमीन त्यात नसते. शेवटी येणी असतात, तीही दोन प्रकारची, वसूल होतील अशी आणि आशा सोडलेली. त्या यादीत गाईला काय किंमत लावली ते बघा आणि दोन पौंडांना किती गाई येतात ते मोजा. विधवेची सोय बरी लागली की कशीबशी, हे तेव्हा कळेल. आणि बिछान्यांच्या किमती बघायला विसरू नका. पिसांची गादी, उशा, पडदे असा पूर्ण बिछाना म्हणजे घरातली मोठी चीज. शेक्सपिअरने १६१६ च्या मृत्युपत्रात बायकोला दुसऱ्या क्रमांकाचा बिछाना ठेवला, त्यावर लोक अजून वाद घालतायत.

राहिलं शेत. 'पायटल' म्हणजे कुंपण घातलेला छोटा तुकडा, नॉरफक-सफककडचा शब्द. तो बहुधा स्वतःच्या मालकीचा होता, कारण खाली तीन साक्षीदार आहेत. १६७७ च्या कायद्याप्रमाणे अशी जमीन मृत्युपत्राने द्यायला तीन लागत. ते कुठे होतं हे तुम्हाला बघता येईल, अगदी पायाने जाऊन. १८३६ च्या कायद्याने चर्चचा धान्याचा दशमांश पैशात बदलला, त्यासाठी गावोगावी नकाशे काढले. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि सोबतच्या तक्त्यात मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक की कुरण, आणि क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये. शंभर वर्षांत मालक बदलतात, शेतांची नावं सहसा टिकतात. तक्त्यात 'अपर पायटल' शोधा, क्रमांक घ्या, नकाशावर बोट ठेवा. लगतच्या घराचा क्रमांकही घ्या. थोरल्याचं घर ते असण्याची बरीच शक्यता आहे. तिथे गेलात तर फाटकाजवळ सफरचंदाची झाडं आहेत का ते मला कळवा.

प्रश्न : माझ्या जावयाचं घराणं डेव्हनमधलं, शेतकरी. त्यांचे पूर्वज १८२९ मध्ये वारले. तिथली सगळी मृत्युपत्रं युद्धात जळाली असं ऐकलं. मग नादच सोडायचा का? — सु. दे., लीड्स

उत्तर : तुमचा जावई आजच्या अर्थाने जावई आहे असं धरून चालते.

मे १९४२ मध्ये एक्सेटरवर बॉम्ब पडले, त्यात तिथल्या प्रोबेट रजिस्ट्रीतली मृत्युपत्रं जळाली हे खरं. डेव्हनचं नुकसान फार मोठं आणि सॉमरसेटचंही, कारण सॉमरसेटची पुष्कळ मृत्युपत्रं तिकडे नेऊन ठेवली होती. पण १८२९ हे तुमच्या सोयीचं साल आहे. वारसा-कर आकारण्यासाठी करखात्याकडे मृत्युपत्रांच्या नकला जात. डेव्हनसाठी १८१२ ते १८५७ च्या नकला नंतर काउंटीला परत मिळाल्या, त्या एक्सेटरच्याच रेकॉर्ड ऑफिसात आहेत. चर्चच्या कोर्टाची मूळ प्रत जळाली आणि करवाल्यांची राहिली. करखात्याचे आभार मानायची वेळ आयुष्यात क्वचितच येते.

त्याखेरीज करखात्याच्या स्वतःच्या वह्या क्यूला आहेत, १७९६ ते १९०३ च्या, मालिका 'आयआर २६'. त्यांत मृत्युपत्रात नसलेलंही सापडतं. मृत्युपत्रात नुसतं 'माझ्या मुलांना' असलं तरी करवाल्याला प्रत्येकाचं नाव, नातं आणि रक्कम हवी असते, कारण कराचा दर नात्यावर ठरतो. पुढे कुणी मेलं, कुणाचं लग्न झालं, तेही कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मात्र २० पौंडांखालच्या मालमत्ता त्यात नाहीत, आणि १५०० पौंडांखालच्यांचे रकाने पुष्कळदा अर्धवट सोडलेले असतात. कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टाची सूचीही चाळा. दोन धर्मप्रांतांत मालमत्ता असलेल्यांची मृत्युपत्रं तिथे जात, आणि नुसत्या प्रतिष्ठेपायी तिथवर जाणारे शेतकरीही होते. ती कधी एक्सेटरला नव्हतीच, तेव्हा सुखरूप आहेत.

प्रश्न : आमच्या मुलांचे इंग्लिश पूर्वज विल्टशरमधले शेतमजूर. मृत्युपत्र करण्यासारखं त्यांच्याकडे काय असणार? — मी. जो., ब्रिस्टल

उत्तर : त्यांनी नसेल केलं. पण त्यांच्या आत्याने केलं असेल.

बिनलग्नाच्या आत्या-मावश्या आणि मूलबाळ नसलेल्या विधवा, यांच्या मृत्युपत्रांसारखं दुसरं काही नाही. विवाहित बाईला १८८२ च्या कायद्यापर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, कारण तिचं असं काही नव्हतंच. अविवाहित आणि विधवा यांना मात्र मोकळीक होती, आणि त्या ती पुरेपूर वापरत. चार चमचे, सहा चादरी, एक काळा झगा, आणि नावं मात्र तेवीस! भाच्या, पुतण्या, त्यांचे नवरे, कोण कुठल्या गावी गेली, सगळं. एका विणकर बाईचं असं मृत्युपत्र मी उतरवलंय. तिने एका भाचीला किटली ठेवली आणि दुसरीला त्याच किटलीचं झाकण. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा आडनावाच्या सूचीत 'स्पिन्स्टर' (अविवाहित बाई) आणि 'विधवा' आधी बघा. सॉल्सबरी धर्मप्रांताची मृत्युपत्रं चिपनमच्या रेकॉर्ड ऑफिसात आहेत.

मजुरासाठी दुसरी वाट गरीब-निधीच्या कागदांची. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरिबाची एक 'आपली' पॅरिश ठरायची, पोसायची जबाबदारी तिची. परक्या गावात माणूस आजारी पडला की तिथले लोक त्याला न्यायाधीशापुढे उभं करून विचारत, जन्म कुठला, कुणाकडे वर्षभर चाकरी केलीस, किती पगारावर, लग्न कुठे झालं. ती जबानी लिहून ठेवत. अंगठाबहाद्दर मजुराची आत्मकथा अर्ध्या पानात मिळते. या कागदांचं जतन फार असमान झालंय, एका पॅरिशची पेटी भरलेली आणि शेजारची रिकामी. विचारून बघायला काहीच लागत नाही.

प्रश्न : १६२० च्या सुमाराचं मृत्युपत्र मिळालं, पण अक्षरच लागत नाही. मुंग्या चालल्यासारखं दिसतं. — प्र. ना., केंब्रिज

उत्तर : ते 'सेक्रेटरी हँड', त्या काळचं लिहिण्याचं एक वळण. त्यात 'ई' उलटा, 'सी' हा 'आर'सारखा आणि 'एच'ची शेपटी खालच्या ओळीत लोंबलेली. नावांपासून सुरुवात करू नका, सगळे तिथेच अडकतात. मृत्युपत्राची सुरुवात ठरलेली असते, 'इन द नेम ऑफ गॉड आमेन', मग तारीख, राजाचं नाव, मग आत्मा देवाला आणि देह मातीला. शब्द तुम्हाला आधीच ठाऊक आहेत, तेव्हा त्या आठ-दहा ओळींतून त्या माणसाची बाराखडी कागदावर काढून घ्या. मग पुढे जा. रोमन आकड्यात शेवटचा 'आय' हा 'जे'सारखा ओढलेला असतो, त्याला घाबरू नका. आणि दिवसाला वीस मिनिटंच करा. मी पहिल्या आठवड्यात सलग चार तास बसले आणि रात्री भिंतीवरची चीरसुद्धा वाचायला लागले.

प्रश्न : खापरपणजोबा १८७३ मध्ये गेले. शेती बरीच होती असं ऐकतो, पण छापील सूचीत 'मालमत्ता १०० पौंडांहून कमी' असं आहे. — वि. सा., डर्बी

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं. १२ जानेवारी १८५८ पासून चर्चची कोर्टं बाजूला झाली आणि सगळ्या इंग्लंड-वेल्सची एकच वार्षिक सूची निघू लागली. पण १८९८ पर्यंत त्या आकड्यात जमीन धरत नसत. शिवाय १८८१ पर्यंत नेमका आकडा नसून 'अमक्याहून कमी' असा टप्पा असे. सूचीवर थांबू नका, मृत्युपत्राची प्रत मागवा.

प्रश्न : आमच्या पूर्वजाने मृत्युपत्रावर सहीऐवजी फुली काढली आहे. तो निरक्षर होता असं लिहू का? — रा. ब., ऑक्सफर्ड

उत्तर : घाईने लिहू नका. आठवड्याभरात मरणारा माणूस सही येत असूनही फुली काढतो, हात चालत नाही. त्याने धडधाकट असताना कुणाच्या मृत्युपत्रावर साक्ष केली असेल तर ती बघा. त्याचं लग्न मार्च १७५४ नंतरचं असेल तर चर्चच्या वहीत वधूवरांच्या सह्या किंवा खुणा सहसा असतात. शिवाय सगळ्या खुणा फुल्या नसतात. मेंढ्या कातरण्याची कात्री काढलेली एक मी पाहिली आहे, दोन्ही पाती, मधली कमान, सगळं. पण हे सगळं मूळ कागदावर. तुमच्याकडे कोर्टाच्या नक्कलवहीतली प्रत असेल तर ती फुलीसुद्धा कारकुनाने काढलेली आहे.